प्लास्टरमामा आणि दुसरा विचार

मुलांच्या हाडांच्या रुग्णालयात मी समुपदेशक म्हणून रुजू झाले तेव्हा माझ्याजवळ एक पदविका होती, बावीस रंगीत तक्ते होते, आणि अक्कल म्हणाल तर ती अजून यायची होती. तक्त्यांवर हसरे सूर्य होते, हसरी फुलं होती, एका तक्त्यावर तर हसरा मेंदू होता. मेंदूला ओठ आणि दात काढले की तो किती भयंकर दिसतो, हे मला त्या वयात कळत नव्हतं. ते मला सांगितलं प्लास्टरमामांनी.

"बाई, हे काय आहे?" तक्त्याकडे बोट दाखवत ते म्हणाले. "अक्रोडाला दात आलेत का?"

प्लास्टरमामा तळमजल्यावरच्या प्लास्टरखोलीत कामाला होते. कागदोपत्री ते 'सहाय्यक, श्रेणी तीन' होते. श्रेणी एक आणि दोनमध्ये कोण होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टर हाड जुळवत, एक्स-रेवर दोन अगम्य शब्द खरडत आणि निघून जात. पुढचं सगळं मामांचं. बुटका, रुंद माणूस. भुवयांवर कायम पांढरी भुकटी, त्यामुळे केस पिकलेत की माखलेत हे कळायला मार्ग नाही. खोलीत एक पत्र्याचं टेबल, कोमट पाण्याच्या दोन बादल्या, कापसाच्या गुंडाळ्या, खिळ्यांना टांगलेल्या वाकड्या कात्र्या आणि प्लास्टर कापायची विजेची करवत. बेसिन दर दोन महिन्यांनी तुंबायचं. मग मामा आणि नळवाला दोघं मिळून आधीच्या नळवाल्याला शिव्या घालत. आधीचा नळवालाही तोच होता.

मुलांची नावं मामांच्या लक्षात राहत नसत. जे मूल जसं मोडलं, तसं त्याचं नाव. सायकलवरून पडलेला तो 'सायकल', पायऱ्यांवरून गडगडलेली ती 'जिना'. एकदा झोपेत खाटेवरून पडून मनगट मोडून घेतलेला एक मुलगा आला, त्याला ते 'आळस' म्हणत, आणि तो मुलगाही मोठ्या अभिमानानं ओ देई. मुलं त्यांना अरेतुरे करत. आईबापांना ते आवडत नसे, मामांना आवडे.

"मामा, दुखेल का रे?" प्रत्येक मूल विचारायचं.

"दुखेल. दहा आकडे मोजेपर्यंत. अकराव्याला दुखलं तर माझं नाक पिळायचं."

आता तुम्हीच सांगा, पदविका घेतलेल्या माणसाला हे कसं पटावं? 'वेदनेचा उल्लेख टाळा' असं आमच्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेलं होतं. मी त्यांना ते सांगितलंसुद्धा. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग दहापर्यंत मोजायचं कशासाठी म्हणून सांगू? पाढे पक्के करायला?"

या धंद्यात ते कसे आले, याचीही एक गोष्ट ते सगळ्यांना सांगत. मूळचे ते गवंडी. घरांच्या भिंतींना गिलावा करायचे. एक दिवस जाहिरात वाचली, 'रुग्णालयात प्लास्टर करण्यासाठी अनुभवी माणूस पाहिजे.' मामा थापी, ओळंबा आणि पाण्याची बादली घेऊन हजर. डॉक्टरांनी समोर एक रडतं पोर ठेवलं. "मी म्हटलं, भिंत कुठाय? डॉक्टर म्हणाले, ही काय, हात-पाय हलवतेय ती." ऐकणारा हसून हसून लोळायचा आणि तेवढ्यात मामा त्याच्या पोराचं कोपर सरळ करून मोकळे व्हायचे.

तर अशा माणसाच्या खोलीत मी माझे तक्ते चिकटवायला गेले होते.

यात माझा सगळाच दोष नव्हता. आमचे मोठे साहेब कुठल्याशा तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले होते आणि आनंदी विचारांनी हाडं लवकर जुळतात अशी त्यांची खात्री झाली होती. त्यांनी हुकूम काढला की प्रत्येक बालरुग्णाला चांगले विचार निवडायला शिकवावं आणि दर महिन्याला 'आनंद टक्केवारी' कळवावी. वॉर्डात ताप मोजायची थर्मामीटरं पुरत नव्हती, पण आनंद मोजायचा छापील तक्ता मात्र आठ दिवसांत आला.

माझी योजना अशी होती. प्रत्येक खाटेशी दोन पेट्या, एक सूर्यपेटी आणि एक ढगपेटी. रोज सकाळी मुलांना कोरी कार्डं द्यायची. मनात येईल तो विचार लिहायचा. चांगला असेल तर सूर्यात, वाईट असेल तर ढगात. आठवड्याच्या शेवटी ज्याची ढगपेटी रिकामी, त्याच्या कपाळावर सोनेरी चांदणी.

मामांना मी हे उत्साहानं समजावून सांगितलं. त्यांनी बादलीत पट्टी बुडवली, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली, पिळली आणि म्हणाले, "म्हणजे ज्याला रडू येतं त्याला चांदणी नाही."

"तसं नाही मामा. त्याला चांगला विचार निवडायला शिकवायचं."

"हां. म्हणजे ज्याला रडू येतं त्याला चांदणी नाही," ते पुन्हा म्हणाले आणि कामाला लागले.

दोन दिवसांनी मी त्यांच्या खोलीत गेले तर हसरा मेंदू टेबलावर पालथा पसरलेला होता आणि त्यावर ओल्या प्लास्टरचे गोळे पडले होते. मी संतापले. "हे सरकारी साहित्य आहे!" ते म्हणाले, "छान जाड कागद आहे बाई. पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडला." मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही, ही आणखी संतापाची गोष्ट.

मग उडी आली.

उडी म्हणजे आठ वर्षांची एक काटकुळी मुलगी. मैत्रिणीशी पैज लावून शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवरून तिनं उडी मारली आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. पैज जिंकली होती, हे तिनं स्ट्रेचरवरूनच सगळ्यांना सांगितलं. कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर बसलं, सात आठवडे पडून राहायचं. वडील मालट्रकवर, महिना महिना बाहेर. आई पावाच्या कारखान्यात पाकिटं भरायला. ती संध्याकाळी यायची तेव्हा तिच्या ओढणीला ताज्या पावाचा वास यायचा आणि आख्ख्या वॉर्डाला भूक लागायची.

ही उडी माझी सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी झाली. पहिल्या आठवड्यात तिच्या ढगपेटीत चार कार्डं होती. दुसऱ्या आठवड्यात एक. तिसऱ्यापासून एकही नाही. सूर्यपेटी मात्र भरून वाहायची. 'मी आनंदी आहे.' 'मी खूप आनंदी आहे.' 'आज पण मी आनंदी आहे.' मी गेले की ती हसायची. सिस्टर इंजेक्शन द्यायला आली तरी हसायची. मी अहवालात लिहिलं, 'उल्लेखनीय प्रगती.' मोठ्या साहेबांनी तिचं कार्ड आपल्या टेबलाच्या काचेखाली लावलं.

तिची आई एकदा मला जिन्यात गाठून म्हणाली, "ताई, एक विचारू? माझी पोरगी जन्मापासून कटकटी आहे. ती आता एवढी का हसते? मला भीती वाटते."

मी तिला म्हटलं, "तुम्हीही थोडं सकारात्मक व्हायला हवं." हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

पाचव्या आठवड्यात उडीच्या प्लास्टरला वास यायला लागला. प्लास्टरला वास येतोच, घामाचा असतो. पण सिस्टरनी नाक मुरडलं आणि मामांना बोलावलं. मामांनी वाकून हुंगलं. एखादा आचारी वरणाला हुंगतो तसं, डोळे मिटून. मग म्हणाले, "हा घाम नाही. कातडी कुठंतरी सोलली आहे. खाली घ्या हिला."

मी सोबत गेले, कारण उडी पहिल्यांदाच हसत नव्हती. ती दोन्ही हातांनी कमरेजवळची प्लास्टरची कड घट्ट धरून पडली होती.

"सोड," मामा म्हणाले.

"नको."

"करवतीची भीती वाटते? बघ." त्यांनी करवत चालू केली आणि स्वतःच्या तळहातावर टेकवली. घर्रर्र आवाज झाला, हाताला काही झालं नाही. "ही नुसती थरथरते. कडक असेल ते कापते, मऊ असेल ते सोडून देते."

"मला करवतीची भीती नाहीये," उडी म्हणाली आणि रडायला लागली.

मामांनी कमरेच्या खाली वितीएवढा चौकोन कापला, खिडकी कापतात तसा. पत्रा उचकटावा तसं झाकण उचललं. कापूस बाजूला सारला. आणि आतून कार्डं निघाली. माझी कार्डं. घामानं भिजून चिकटलेली, घडी घातलेली, दुमडलेली, पातळ सुरळ्या केलेली. पाच, सात, बारा. शेवटी मी मोजणं सोडलं. त्यांच्या कडा घासून कातडीवर रुपयाएवढी जखम झाली होती.

ढगपेटी रिकामी का राहते, ते मला कळलं.

मामांनी आधी जखम धुतली, मलम लावलं, पट्टी केली. मग हात पुसले, स्टूल ओढलं आणि कार्डांचा तो ओला गठ्ठा मांडीवर घेऊन बसले. मला वाटलं, आता हे मला फाडून खाणार. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हे बघ उडे," ते म्हणाले, "मी आयुष्यभर थापायचंच काम केलंय. आधी भिंती थापल्या, आता तंगड्या थापतो. त्यामुळे थाप मला लगेच ओळखू येते. आपण हे एकेक वाचू. खरं असेल तर खरं म्हणायचं. थाप असेल तर थाप. चालेल?"

उडीनं नाक ओढत मान हलवली.

"'माझा पाय कापणार आहेत.' कोणी सांगितलं?"

"शेजारच्या खाटेवरच्या जिनानं."

"तिला काय माहीत?"

"तिची मावशी नर्स आहे."

"कुठे?"

"जनावरांच्या दवाखान्यात."

मामांनी एक्स-रे काढून उजेडावर धरला. "ही रेघ दिसते? इथे मोडलं होतं. आणि हा ढगासारखा फुगवटा? ते नवीन हाड. कापायच्या पायात कोणी नवीन हाड घालतं का? थाप. टाक बादलीत."

कार्ड बादलीत गेलं.

"'आई माझ्यामुळे सारखी सुट्टी घेते, तिला कामावरून काढतील.' हे बुवा मला माहीत नाही. बाईंनाही माहीत नाही. हे ज्याला माहीत आहे त्याला विचारायचं. संध्याकाळी आई आली की विचार. हे बाजूला ठेव." पुढचं कार्ड त्यांनी दोनदा वाचलं. "'पैज लावणारी मैत्रीण आता दुसरीबरोबर डबा खाते.' खरं का?"

"खरं," उडी म्हणाली. "ती आली होती भेटायला. तिनंच सांगितलं."

"मग हे खरंच वाईट आहे. याला थाप म्हणता येणार नाही."

"मग काय करायचं?"

"खऱ्या वाईटाला एक सणसणीत शिवी द्यायची आणि मग पुढे जायचं."

"मला शिव्या येत नाहीत."

मामांनी एक्स-रेवर नजर फिरवून पोटरीतल्या बारीक हाडाचं डॉक्टरी नाव उचललं. "म्हण, तुझ्या फिब्युलाला!"

"तुझ्या फिब्युलाला!" उडी ओरडली. मग पुन्हा, आणखी मोठ्यांदा. तिसऱ्यांदा ती खरंखुरं हसली. ते हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं; खालचा दात पडलेला आहे, हेही मला तेव्हाच कळलं.

गठ्ठ्यातलं शेवटचं कार्ड मामांनी मोठ्यानं वाचलं नाही. ते माझ्या हातात दिलं. "बाई, हे तुमचं आहे."

त्यावर लिहिलं होतं, 'मला चांगले विचार येत नाहीत म्हणून मी वाईट मुलगी आहे.'

मी तिथेच कपाटाला टेकून रडले. मामांनी कापसाचा बोळा पुढे केला. "पुसा नाक. पण तो परत गुंडाळीत ठेवू नका."

मग ते उडीला म्हणाले, "शिंक येते तेव्हा तू ठरवून शिंकतेस का?"

"नाही."

"शिंकलीस म्हणून वाईट मुलगी होतेस का?"

"नाही."

"पहिला विचार तसाच असतो. येतो. न विचारता येतो, घाणेरडा असला तरी येतो. त्याला कोणी बोलावलेलं नसतं. पण शिंकल्यावर नाक रुमालाला पुसायचं की शेजारच्याच्या बाहीला, हे कोण ठरवतं?"

"मी."

"तो दुसरा विचार. तेवढाच तुझा. तो निवडायचा. आणि ऐक, तो गोडच पाहिजे असं नाही, पण खरा पाहिजे. खोटा दुसरा विचार ओल्या भिंतीवरच्या रंगासारखा असतो. आठ दिवसांत पोपडे."

बावीस तक्त्यांत नसलेली गोष्ट त्यांनी शिंकेवर संपवली.

त्या संध्याकाळी उडीनं आईला विचारलं. आई म्हणाली, "काढतील कशाला? मी पाळी बदलून घेतली आहे, येडे. आणि काढलं तरी पाव भरायला माझ्याइतके पटापट हात त्यांना मिळणार नाहीत." आणि मग दोघी इतक्या कचाकचा भांडल्या, की आईनं जाता जाता मला सांगितलं, "ताई, पोरगी परत आली हो माझी."

मी पेट्या माळ्यावर टाकल्या. रोज सकाळी मुलांच्या खाटा खिडकीपाशी गोल लावायचे आणि आम्ही पहिला-दुसरा खेळायचो. पहिला विचार ओरडून सांगायचा, मग सगळ्यांनी तपासायचं, खरं की थाप. मग ज्याचा त्यानं दुसरा शोधायचा. मी सुचवायचं नाही, हा मामांचा नियम. आळस म्हणाला, "पहिला, मला इतकी खाज सुटलीय की मी मरणार." सगळे ओरडले, "थाप!" त्यानं बराच विचार केला. "दुसरा, खाजतंय म्हणजे हात अजून आत आहे." जिना म्हणाली, "पहिला, जेवण घाण आहे." सगळे म्हणाले, "खरं!" तिचा दुसरा होता, "आज माझं पोट बिघडलंय, म्हणून मला ते मिळणार नाही." काही मुलांना दुसरा सापडायचा नाही. त्यांनी फिब्युलाला स्मरून मोकळं व्हायचं.

अडचण अशी झाली की त्याच महिन्यात मोठे साहेब पाहुणे घेऊन आले. दहा-बारा माणसं, इस्त्रीचे कपडे, नाकाला रुमाल. साहेब थेट उडीच्या खाटेशी गेले, कारण काचेखालचं कार्ड तिचं होतं.

"बाळ, सांग बघू पाहुण्यांना, तुझ्या मनात आत्ता कोणता छान विचार आहे?"

उडीनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"पहिला सांगू की दुसरा?"

"दोन्ही सांग!" साहेब कौतुकानं म्हणाले.

"पहिला, ही माणसं कधी जाणार." आख्खा वॉर्ड गरजला, "खरं!" उडी म्हणाली, "दुसरा, जाणारच आहेत." आणि आळसनं कोणतंही कारण नसताना फिब्युलाची घोषणा दिली.

पाहुण्यांपैकी एक म्हाताऱ्या बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मामांना कागद आला, 'बालरुग्णांना अपशब्द शिकवल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' मामांचं अक्षर कोंबडीचे पाय, म्हणून त्यांनी मला सांगितलं आणि मी लिहिलं. खुलासा तीन ओळींचा होता. 'फिब्युला हा अपशब्द असल्यास तो आपले डॉक्टर रोज एक्स-रेवर लिहितात. मी फक्त मोठ्यानं म्हणायला शिकवला. पुढे हळू म्हणायला शिकवेन.'

माझी आनंद टक्केवारी त्या महिन्यात शहाण्णववरून चोपन्नवर आली होती. मी तोच आकडा दिला. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "मुलं दुःखी झाली आहेत का?" मी म्हटलं, "नाही साहेब, आधीची खोटं बोलत होती." त्यांनी आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. मला वाटलं, गेली नोकरी. पण ते म्हणाले, "चोपन्न हा आकडा वरच्या कार्यालयात पाठवता येणार नाही. मी बघतो." आणि त्यांनी तो कागद खणात टाकला. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या शिबिराला गेले आणि परत आले ते योग्य रीतीनं श्वास कसा घ्यावा हे शिकून. तोवर आम्ही सगळे जण कसे जगत होतो कोण जाणे.

खुलासा लिहून झाला त्या दुपारी आम्ही प्लास्टरखोलीत चहा पीत बसलो होतो. मी विचारलं, "मामा, हे पहिला-दुसरा तुम्हाला कोणी शिकवलं?"

"आमच्या हिनं," ते म्हणाले. "मला घरी जायला दहा मिनिटं उशीर झाला की हिच्या डोक्यात मी ट्रकखाली गेलेलो असतो. वीस मिनिटं झाली की दुसरं लग्न केलेलं असतं. मी दारात उभा राहिलो तरी तिला आधी राग येतो, की एवढं रडले ते फुकट गेलं." ते हसले. मग कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "ती जाहिरातीची गोष्ट थाप आहे बरं का."

मी कप खाली ठेवला.

"मला चांगलं माहीत होतं कसलं प्लास्टर ते. मला परांचीवर चढायचं नव्हतं. मी आणि माझा थोरला भाऊ एकत्र काम करायचो. तो वर, मी खाली माल कालवायला. एक दिवस मागे आवाज झाला. पहिला विचार आला, दादा गेला. मी स्वतःला म्हटलं, छे, थाप. वर पाहिलं, तर परांची रिकामी." त्यांनी बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला. "सहा महिने मी काही केलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचो. त्या वेळी कोणी मला आनंदी विचार निवड म्हणालं असतं ना बाई, तर थापीनं त्याचं नाक सपाट केलं असतं."

"मग?"

"मग एक दिवस वहिनी म्हणाली, भावजी, दाढी करा, मुलं घाबरतात तुम्हाला. भावाची दोन लहान पोरं होती. मी म्हटलं, बरं, दाढी करू. तो माझा दुसरा विचार. आनंदी बिनंदी नव्हता हो. पण खरा होता, आणि न्हाव्याचं दुकान जवळ होतं."

सात आठवड्यांनी उडीचं प्लास्टर निघालं. करवत फिरली, दोन्ही कवचं उघडली, आणि सिस्टरसकट सगळे दोन पावलं मागे सरले. आतला पाय दुसऱ्यापेक्षा निम्मा बारीक, सालपटं निघालेला, काळ्या लवेनं भरलेला. उडी बघतच राहिली.

"हा कोणाचा पाय आहे?"

"तुझाच. बदलून मिळत नाही," मामा म्हणाले.

"ई!"

"हा पहिला."

ती दोन्ही पाय आळीपाळीनं निरखू लागली. मला सुचवायचा मोह होत होता; मामांनी डोळ्यांनीच दटावलं. शेवटी उडीनं एक बोट पुढे करून गुडघ्याला लावलं आणि म्हणाली, "तो पण मला बघून ई म्हणत असेल. मी पण सात आठवडे डोक्यावरून अंघोळ केलेली नाही."

तिचा पाय अर्ध्या बोटानं आखूड जुळला होता. डॉक्टर म्हणाले, वाढतं वय आहे, भरून येईल. बराचसा आला, सगळा नाही. ती किंचित डावीकडे कलून चालते. भिंतींवरून उड्या मारणं मात्र सोडलेलं नाही, असं तिची आई कपाळाला हात लावून सांगते. त्या मैत्रिणीबरोबर डबा काही पुन्हा सुरू झाला नाही. उडीनं नवी मैत्रीण शोधली, ती झाडांवर चढते. म्हणजे आमच्या रुग्णालयाला मरण नाही.

मामा निवृत्त झाले त्याला आता तीन वर्षं झाली. मी हल्ली शाळांमध्येही जाते, पहिला-दुसरा शिकवायला. परवा एका शाळेत हट्टानं मामांना घेऊन गेले. हॉलमध्ये दोनशे मुलं. मामा मंचावर चढले, समोर पाहिलं आणि त्यांची वाचाच बसली. तीस वर्षं एकेका पोराशी बोललेला माणूस. गर्दीची सवय नव्हती. मी माईक पुढे केला तर त्यांनी तो करवतीसारखा धरला. मुख्याध्यापिका घसा खाकरायला लागल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "काका, तुम्हाला आत्ता कोणता विचार येतोय?"

"पळून जावं," मामा म्हणाले. दोनशे मुलं हसली आणि त्यांची जीभ सुटली. मग पाऊण तास ते थांबले नाहीत. शिंक झाली, पोपडे झाले; मुख्याध्यापिकांच्या समोर फिब्युला फक्त एकदाच झाला, तोही हळू.

शेवटी मागच्या बाकावरून एका मुलीनं हात वर केला. तिचा आवाज इतका बारीक होता की मला तिच्याजवळ जाऊन प्रश्न परत सांगावा लागला. ती विचारत होती, "दुसरा विचारपण वाईटच आला तर?"

मामांनी भुवया चोळल्या. आता त्यांवर भुकटी नसते. खरोखरच पांढऱ्या आहेत. मला वाटलं, काहीतरी चटपटीत बोलून वेळ मारून नेतील. पण ते म्हणाले, "बरेचदा येतो. त्यावर मला उपाय माहीत नाही पोरी. मी तो कोणाला तरी सांगतो. घरी जाऊन बायकोला सांगतो, की अगं, मला दुसरापण वाईटच येतोय. ती म्हणते, मला तर तिसरापण तसाच आलाय. मग आम्ही दोघं जेवायला बसतो."

मुलगी विचार करत उभी राहिली. मग तिनं विचारलं, "जेवल्यावर बरं वाटतं?"

"कधी वाटतं, कधी नाही," मामा म्हणाले. "पण भांडी दोघांनी घासायची असतात, त्यामुळे कोणी उठून जात नाही."